सालीचा हिशेब

संत्र्याची साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली की चटचट ठिणग्या उडतात. हिवाळ्यात संत्री घरात आली की मुलं हा खेळ करतातच. पेटतं ते सालीतलं तेल. साल उजेडाकडे धरून नीट पाहिली तर रंगीत थरात सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे तेलाची एक पिशवी. या तेलात सर्वांत मोठा वाटा असतो लिमोनीन नावाच्या द्रव्याचा. संत्रं सोलताना हाताला लागून राहणारा वास याच तेलाचा.

रंगीत थराच्या आत पांढरा, मऊ थर असतो. पपनसात तो बोटभर जाड, कागदी लिंबात जेमतेम पापुद्र्याएवढा, तर महाळुंगात फळाचा बहुतेक भाग तोच. फोडींवर चिकटून येणाऱ्या पांढऱ्या शिराही त्यातल्याच. आपण त्या निगुतीनं काढून टाकतो आणि मगच फोड तोंडात घालतो.

झाडाच्या दृष्टीनं मात्र साल हा फळाचा महत्त्वाचा भाग आहे. आतलं बी तयार होईपर्यंत किडे, बुरशी आणि कडक ऊन यांना बाहेर रोखण्याचं काम तिचं. झाडाला पळता येत नाही, त्यामुळे त्याचं संरक्षण रसायनांवर चालतं आणि ही रसायनं सर्वांत जास्त साठवली जातात ती सालीत. रसाच्या कारखान्यात फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल, चोथा आणि बिया म्हणून मागे उरतो. म्हणजे फळातल्या रसायनांचा मोठा साठा आपण दरवर्षी बाजूला सारतो.

गेल्या काही दशकांत या साठ्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वळलं आहे. मधुमेह, वाढलेली चरबी, यकृतावर साठणारा मेद, रक्तदाब या सगळ्यांवर सालीतली द्रव्यं काय परिणाम करतात, याचा शोध चालू आहे. त्याच वेळी मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत संत्र्याच्या सालीची पूड ‘साखर मुळापासून घालवते’ असं सांगितलं जातं आणि तो संदेश वाचून कुणी तरी आपली गोळी बंद करतं. म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा. सालीत काय आहे, त्याचं शरीरात काय होतं आणि किती खाल्लं तर होतं, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत.

चयापचय बिघडतं म्हणजे काय

खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा करणं, उरलेली साठवणं आणि गरजेला पुन्हा काढणं, हा शरीराचा अखंड व्यवहार म्हणजे चयापचय. तो बिघडला आहे का, हे डॉक्टर पाच मापांनी पाहतात. आपल्या भागातल्या लोकांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा अधिक. ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की त्याला चयापचयाचा विकारसमूह म्हणतात.

नुसत्या वजनावरून हा बिघाड कळत नाही, हे जगाला पटवून देण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, म्हणजे बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असू शकतो, हे त्या एका पानानं दाखवून दिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या लोकांना उपयोगी पडेल असं काही केराच्या डब्यात जात असेल, तर ते तपासून पाहणं अगत्याचं आहे.

तीन घराण्यांची रसायनं

बाजारात लिंबूवर्गातली फळं पुष्कळ दिसतात, पण त्यांची वंशावळ थोड्या मूळ जातींपर्यंत जाते. त्यांतल्या तीन ठळक म्हणजे मँडरिन, पपनस आणि महाळुंग. हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, म्यानमार आणि चीनचा युनान या पट्ट्यात या वर्गाचा उगम झाला, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं. नागपुरी संत्रं हे मँडरिन गटातलं. मोसंबी ही मँडरिन आणि पपनस यांच्या संकरातून आलेल्या गोड संत्र्याच्या घरातली. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्रं यांचा संकर, तो अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमध्ये झाला.

ही वंशावळ रसायनांसाठी महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक घराण्याची साल वेगळी द्रव्यं बनवते. मँडरिनच्या आणि गोड संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन भरपूर असतं. त्याला चव जवळजवळ नसते. पपनस आणि ग्रेपफ्रूटच्या सालीत नारिंजिन असतं आणि ते कडूजहर. दोन्ही द्रव्यं फ्लेव्होनॉइड या एकाच कुळातली, दोन्हींना साखरेच्या दोन कणांची जोडी चिकटलेली. चवीतला फरक पडतो तो ते दोन कण एकमेकांना कुठल्या जागी जोडले आहेत यावरून. झाडातलं एक विकर हा जोड एका जागी करतं, दुसरं विकर दुसऱ्या जागी, आणि त्यावरून जिभेला काहीच लागत नाही किंवा कडू लागतं.

तिसरा गट चयापचयाच्या दृष्टीनं सर्वांत कुतूहलाचा. नोबिलेटिन आणि टँजेरेटिन ही द्रव्यं जवळजवळ फक्त लिंबूवर्गातच आढळतात आणि तीही मुख्यतः मँडरिन व गोड संत्र्याच्या रंगीत सालीत. झाड त्यांचा उपयोग बुरशीविरुद्ध करतं. साखरेची जोडी नसल्यामुळे ही द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, त्यामुळे आतड्याच्या भिंतीतून ती हेस्पेरिडिनपेक्षा सहज पार होतात.

सालीतल्या द्रव्यांचा शोध जुना आहे. लेब्रेतों या फ्रेंच रसायनज्ञानं १८२८ साली संत्र्याच्या पांढऱ्या थरातून हेस्पेरिडिन वेगळं केलं. पुढे १९३६ मध्ये हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी इश्तवान रुसन्याक यांच्यासह लिंबातल्या फ्लेव्होनॉइडांचं मिश्रण वापरून पाहिलं. केशवाहिन्या नाजूक झालेल्या रुग्णांत त्यानं रक्त झिरपणं कमी होतं असं त्यांना दिसलं आणि त्यांनी या मिश्रणाला ‘जीवनसत्त्व पी’ म्हटलं. दुसऱ्याच वर्षी सेंट-ज्यॉर्जींना नोबेल मिळालं. पण ही द्रव्यं न मिळाल्यानं कुठला निश्चित रोग होतो असं कुणालाच दाखवता आलं नाही, आणि १९५० च्या सुमारास जीवनसत्त्वांच्या यादीतून ते नाव वगळलं गेलं. द्रव्यं मात्र टिकली. मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी दिल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध गोळीत आजही ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असतं आणि त्यातलं डायोस्मिन सहसा हेस्पेरिडिनपासूनच तयार करतात.

कॅनडातले उंदीर

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात लंडन नावाचं शहर आहे. तिथल्या वेस्टर्न विद्यापीठात मरी हफ यांच्या प्रयोगशाळेनं सालीतल्या द्रव्यांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी असे उंदीर घेतले की ज्यांच्यात वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून उचलणारी यंत्रणाच जन्मतः नव्हती. अशा उंदरांना भरपूर चरबीचं खाद्य दिलं की ते लठ्ठ होतात, त्यांच्या यकृतात मेद भरतो, इन्शुलिन निष्प्रभ होऊ लागतं आणि रक्तवाहिन्यांत थर जमतात. म्हणजे माणसाचा चयापचयाचा विकार काही आठवड्यांत उंदरात उभा राहतो.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी या खाद्यात नारिंजेनिन मिसळलं, म्हणजे नारिंजिनची साखर काढून उरणारं द्रव्य. उंदीर पूर्वीइतकंच खात होते, पण त्यांचं वजन तसं वाढलं नाही. यकृतातला मेद घटला, रक्तातली चरबी उतरली, इन्शुलिनचं काम सुधारलं. यकृताच्या पेशी मेद साठवण्याऐवजी जाळू लागल्या होत्या. २०११ मध्ये याच गटानं नोबिलेटिन वापरलं. ते नारिंजेनिनपेक्षा बरंच प्रभावी निघालं. खाद्यात त्याचं प्रमाण एक-दशांश ठेवूनही परिणाम दिसला आणि महारोहिणीतले थरही कमी झाले.

हे घडतं कसं? बराच काळ समज असा होता की नोबिलेटिन पेशीतलं एएमपीके नावाचं विकर चालू करतं. ऊर्जा कमी पडली की साठा थांबवून जाळण्याचा हुकूम देणारं हे विकर. ही समजूत तपासण्यासाठी हफ यांच्या गटानं एएमपीके काढून टाकलेले उंदीर वापरले. २०२० साली निष्कर्ष आला तो असा, की एएमपीके नसतानाही नोबिलेटिनचा फायदा तसाच मिळतो. म्हणजे रस्ता दुसराच आहे. विज्ञानात असं उत्तर मोलाचं असतं, कारण त्यामुळे एक चुकीची वाट बंद होते.

दुसऱ्या वाटेचा एक सुगावा अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधून आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की नोबिलेटिन शरीराच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाशी संबंधित प्रथिनांना चिकटतं आणि त्या घड्याळाची लय ठळक करतं. लठ्ठ उंदरांत त्यामुळे वजन, साखर आणि यकृताची स्थिती सुधारली. पण ज्या उंदरांचं हे घड्याळच जनुकीय बदलानं बिघडवलं होतं, त्यांना नोबिलेटिनचा तसा उपयोग झाला नाही. अवेळी जेवण आणि तुटक झोप यांचा मधुमेहाशी संबंध आहे हे आज बऱ्यापैकी मान्य आहे. त्यामुळे हा धागा पुढे ओढण्याजोगा आहे.

किती खाल्लं होतं?

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण २५ ग्रॅमचा असतो आणि दिवसाला सुमारे ३ ग्रॅम खाद्य खातो. २०११ च्या प्रयोगात जास्तीत जास्त नोबिलेटिन होतं खाद्याच्या ०.३ टक्के. म्हणजे दिवसाला ९ मिलिग्रॅम. किलोमागे हिशेब केला तर ३६० मिलिग्रॅम. उंदराचं चयापचय माणसापेक्षा बरंच वेगवान असतं, त्यामुळे औषधशास्त्रात उंदराची मात्रा माणसाला लावताना ती साधारण १२ नं भागतात. उत्तर येतं किलोमागे ३० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला झाले सुमारे २ ग्रॅम नोबिलेटिन, रोज.

आता हे सालीतून मिळवायचं ठरवू. उत्तम जातीच्या मँडरिनच्या वाळलेल्या सालीत नोबिलेटिन ग्रॅममागे काही मिलिग्रॅम असतं. हात सैल सोडून ५ मिलिग्रॅम धरलं, तरी २ ग्रॅमसाठी ४०० ग्रॅम वाळलेली साल लागेल. ओल्या सालीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. म्हणजे दीड किलो ओली साल, म्हणजे चाळीस-पन्नास संत्र्यांची. प्रयोगातली लहान मात्रा घेतली, तरी रोज पंधरा-एक संत्र्यांची साल खावी लागेल. याउलट सालीच्या पुडीचा एक चमचा, म्हणजे ३ ग्रॅम, घेतला तर हाती येतं ते १५ मिलिग्रॅम.

या हिशेबानं सालीवरचं संशोधन खोटं ठरत नाही. उंदरात जे दिसलं ते खरंच दिसलं. त्यातून उद्या शुद्ध केलेल्या नोबिलेटिनची किंवा त्यात थोडा बदल केलेल्या रेणूची गोळी तयार होऊ शकते. मात्र त्या गोळीचा गुण चमचाभर पुडीच्या नावावर जमा करता येत नाही.

माणसांत काय दिसलं

हेस्पेरिडिनच्या बाबतीत मात्रा गाठणं तुलनेनं सोपं आहे, कारण सालीत ते भरपूर असतं आणि रसातही उतरतं. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५० ते ६५ वयाच्या, वजन थोडं जास्त असलेल्या पण एरवी निरोगी अशा २४ पुरुषांना तीन वेगवेगळ्या टप्प्यांत चार-चार आठवडे तीन गोष्टी दिल्या गेल्या. एका टप्प्यात रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस, एकात साधं पेय आणि त्याबरोबर रसात असतं तेवढंच, म्हणजे २९२ मिलिग्रॅम हेस्पेरिडिन, आणि एकात तेच पेय पण सोबत नुसती नकली गोळी. रस आणि हेस्पेरिडिन या दोन्ही टप्प्यांत खालचा रक्तदाब थोडा उतरलेला आढळला. परिणाम लहान होता, पण रसाच्या फायद्यातला काही वाटा हेस्पेरिडिनचा आहे असं त्यातून दिसलं. मात्र अर्ध्या लिटर रसातून ४० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. मधुमेह असलेल्यानं हा मार्ग धरू नये.

कोलेस्टेरॉलबाबत उत्तर उलट आलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या २०४ स्त्री-पुरुषांना चार आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन, ५०० मिलिग्रॅम नारिंजिन किंवा नकली गोळी दिली. कोलेस्टेरॉल हललं नाही. उंदरांतले आकडे कितीही सुंदर असोत, माणसांत नीट घेतलेली चाचणी ‘नाही’ म्हणाली तर ते ‘नाही’ ऐकलं पाहिजे.

माणसामाणसांत फरक का पडतो, याचं एक कारण आतड्यात आहे. हेस्पेरिडिन पाण्यात फारसं विरघळत नाही आणि त्याला चिकटलेली साखरेची जोडी आपली विकरं तोडू शकत नाहीत. ते तसंच मोठ्या आतड्यापर्यंत जातं. तिथले जीवाणू ती जोडी तोडतात, तेव्हा कुठे आतलं द्रव्य शोषलं जातं. म्हणूनच संत्रं खाल्ल्यावर ते रक्तात सर्वाधिक दिसतं पाच ते सात तासांनी. ज्याच्या आतड्यात हे काम करणारे जीवाणू भरपूर, त्याला जास्त मिळतं. ज्याच्याकडे कमी, त्याच्या हाती फारसं लागत नाही. एकाच ताटात जेवलेल्या दोन भावांना सालीचा उपयोग सारखा होईलच असं नाही.

शिरांचा सरळ फायदा

सालीतल्या ज्या एका द्रव्याचा चयापचयावरचा परिणाम आज सर्वांत भक्कमपणे मान्य आहे, त्याची चर्चा फार कमी होते. ते म्हणजे पेक्टिन. जॅम गोठवतं तेच. लिंबूवर्गातल्या फळांच्या वाळलेल्या सालीत वजनाच्या २० ते ३० टक्के पेक्टिन असतं आणि जगातलं व्यापारी पेक्टिन मुख्यतः याच सालीपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून काढतात.

पेक्टिन हा विरघळणारा तंतू. पोटात गेल्यावर तो पाणी धरून घट्ट होतो. जेवणातली साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचते, म्हणून रक्तातली साखर एकदम उसळत नाही. पित्तातली आम्लं त्यात अडकून बाहेर टाकली जातात. नवी बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावं लागतं, आणि ते रक्तातून उचललं जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये पुरावे तपासून हे मान्य केलं. दिवसाला ६ ग्रॅम पेक्टिन कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला मदत करतं आणि जेवणाबरोबर १० ग्रॅम घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते. अशी परवानगी ही संस्था सहज देत नाही.

संत्र्याच्या १०० ग्रॅम ओल्या सालीत एकूण तंतू १०.६ ग्रॅम असतात, तर गरात २.४ ग्रॅम. क जीवनसत्त्वही सालीत १३६ मिलिग्रॅम आणि गरात ५३. अर्थात साल कुणी पोटभर खात नाही. पण फोडीवरचा पापुद्रा आणि शिरा सहज खाता येतात आणि हेस्पेरिडिन, पेक्टिन दोन्ही तिथे रसापेक्षा कितीतरी जास्त असतात. रस काढून गाळला की यातलं बरंचसं गाळणीत राहतं आणि पेल्यात उरते मुख्यतः साखर आणि आम्ल. संत्रं खावं, पिऊ नये. आणि खाताना शिरा काढत बसू नये. सालीच्या विज्ञानातून रोजच्या जेवणासाठी निघणारा हा सर्वांत खात्रीचा सल्ला आहे.

पपनस आणि गोळी

सालीतली रसायनं शरीरात खरोखर काम करतात याचा सर्वांत ठोस पुरावा एका धोक्याच्या रूपानं मिळाला आणि तोही त्याच कॅनडातल्या लंडन शहरात. डेव्हिड बेली हे औषधशास्त्रज्ञ फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते पाहत होते. मद्याची चव कळू नये म्हणून ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळलं होतं. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. मद्य वगळून पुन्हा तपासलं तेव्हा दोष रसाचा निघाला. १९९१ च्या ‘लॅन्सेट’मधल्या लेखानुसार पाण्याऐवजी ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर फेलोडिपिन घेतलं, तर रक्तात ते सरासरी २८४ टक्के पोचत होतं. म्हणजे एका गोळीत जवळपास तीन गोळ्यांचं औषध.

याचं कारण आतड्याच्या भिंतीत आहे. तिथे सीवायपी३ए४ नावाचं विकर असतं. जुन्या काळच्या जकात नाक्यासारखं ते आत येणाऱ्या अनेक औषधांचा काही भाग तिथल्या तिथे कापून घेतं, आणि डॉक्टर गोळीचं माप ही कपात धरूनच ठरवतात. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोक्युमरिन वर्गातली द्रव्यं हे विकर कायमचं निकामी करतात. पेशींनी नवं विकर तयार करेपर्यंत एक दिवस किंवा अधिक जातो, तोवर औषध न कापता आत जात राहतं. सुरुवातीला संशय नारिंजिनवर गेला होता. तपासाअंती त्याचा दोष नव्हता असं दिसलं. पण नारिंजिनही अगदी निरुपद्रवी नाही. फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या औषधाचं शोषण ते कमी करतं. एक द्रव्य औषध वाढवतं, दुसरं घटवतं, आणि दोन्ही एकाच फळात.

महाराष्ट्रात ग्रेपफ्रूट फारसं मिळत नाही, पण पपनस मिळतं. गणपतीच्या दिवसांत कोकणातून येणारी पपनसं घरोघरी सोलली जातात. ग्रेपफ्रूटनं ही फ्युरॅनोक्युमरिनं पपनसाकडूनच घेतली आहेत. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी फेलोडिपिन, मूत्रपिंड बदलल्यानंतरची टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन यांपैकी काही चालू असेल, तर पपनस खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चयापचयाच्या विकारावर ज्यांचे उपचार चालू आहेत, नेमके त्यांनाच हे सर्वांत लागू पडतं. नागपुरी संत्र्यात आणि मोसंबीत ही द्रव्यं नगण्य असतात, तिथे ही भीती नाही.

वजन कमी करण्याच्या गोळ्यांत वापरली जाणारी आणखी एक साल आहे, कडू संत्र्याची. तिच्यात सायनेफ्रिन असतं. अमेरिकेनं २००४ मध्ये एफेड्रा या वनस्पतीच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातल्यावर अनेक उत्पादकांनी तिच्या जागी कडू संत्रं आणलं. सायनेफ्रिनची रचना शरीर उत्तेजित करणाऱ्या द्रव्यांशी मिळतीजुळती आहे, आणि कॅफिनबरोबर घेतल्यास हृदयाची गती आणि रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाब असलेल्यानं अशी गोळी ‘नैसर्गिक’ म्हणून घेणं धोक्याचं आहे.

घरातली साल

साल खाण्याची परंपरा जगात जुनी आहे. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुईची मँडरिनची साल वाळवून तीन वर्षं किंवा त्याहून अधिक मुरवतात आणि सूप, चहा, औषधांत घालतात. आपल्याकडे दिवाळीच्या उटण्यात संत्र्याच्या सालीची पूड असते, आणि लिंबाच्या लोणच्यात तर आपण साल सरळ खातो. कागदी लिंबाच्या फोडी मिठात मुरतात, पांढरा थर मऊ होतो, कडवटपणा निवतो. सालीसकट लिंबू पोटात घालण्याची याहून रुचकर रीत नाही. फक्त सोबत मीठ आणि गोड लोणच्यात साखर किंवा गूळही जातो. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर फोड एखादीच पुरे.

साल वापरायची तर फळ निवडून घ्यावं. दुरून आलेल्या, चकचकीत फळांवर बहुधा मेणाचा थर असतो, आणि काढणीनंतर बुरशी लागू नये म्हणून लावलेली बुरशीनाशकं मुख्यतः सालीतच राहतात. साध्या पाण्यानं धुऊन ती पूर्ण जात नाहीत. वरूड, मोर्शी, काटोलच्या ओळखीच्या बागेतून फळ मिळत असेल तर फवारणी कशाची आणि कधी झाली ते विचारावं. अशी साल किसून वरणभातावर, कोशिंबिरीत किंवा चहात घालायला हरकत नाही. कागदी लिंबाची साल मात्र चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नये. तिच्यातली फ्युरॅनोक्युमरिनं उन्हात त्वचा भाजतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

विदर्भात फळ आहे, नागपूरला लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि दुर्दैवानं मधुमेहाचे रुग्णही पुष्कळ आहेत. नागपुरी संत्र्याच्या सालीतली द्रव्यं इथल्या माणसांत, आपल्या जेवणाबरोबर, काय करतात हे इथेच तपासलं जायला हवं. सडपातळ दिसूनही चरबी बाळगणारं शरीर परदेशी चाचण्यांत फारसं आलेलं नाही, आणि कारखान्यात उरणाऱ्या सालीचं पेक्टिन काढणं हा संत्राउत्पादकाच्या पदरी चार पैसे पाडणारा उद्योगही होऊ शकतो.

तोवर व्यवहार साधा ठेवावा. साल हे अन्न आहे, आणि अन्न म्हणून चांगलं अन्न आहे. औषध म्हणवून घ्यायचं तर तिला औषधाची परीक्षा द्यावी लागेल, आणि ती परीक्षा माणसांत अजून पुरी झालेली नाही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी सालीच्या भरवशावर एक दिवसही बंद करू नका. सालीची पूड किंवा तिचा अर्क नियमानं घ्यायचा असेल, तर चालू औषधांची यादी घेऊन आधी डॉक्टरांना दाखवा. आणि संत्रं शिरांसकट खा.